कॅटमध्ये अणुभट्टी नाही

इंदूरच्या मराठी घरांत मी हे लहानपणापासून ऐकत आलेय: कॅटमध्ये (इथल्या संशोधन केंद्रात) अणुभट्टी आहे, तिथे प्लुटोनियम काढतात, त्या बाजूला घर घेऊ नका. परवा भाचीच्या फ्लॅटचा विषय निघाला, तर पुन्हा तेच. म्हणून स्पष्ट सांगते, हे खरं नाही.

प्लुटोनियम वेगळं करणं हे किरणोत्सारी रसायनशास्त्राचं काम, आणि आपल्याकडे ते मुंबईत ट्रॉम्बेला रुजलं. १९५६ साली तिथे अप्सरा भट्टी सुरू झाली, १९६४ मध्ये प्लुटोनियमचा कारखाना. वापरलेलं इंधन नायट्रिक आम्लात विरघळवायचं. मग ट्रायब्युटाइल फॉस्फेट असलेला तेलकट द्रावक त्यातलं युरेनियम-प्लुटोनियम तेवढं ओढून घेतो आणि जहाल किरणोत्सारी उरलंसुरलं आम्लातच राहतं. हे सगळं जाड भिंतींआडून, हात न लावता! मला याचं फार अप्रूप वाटतं.

कॅट, म्हणजे आजचं राजा रामण्णा केंद्र, लेसर आणि त्वरकांचं, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांचं. इंडस-१ आणि इंडस-२ या तिथल्या यंत्रांमध्ये इलेक्ट्रॉन गोल फिरतात, वळताना प्रकाश देतात. यंत्र चालू असताना किरणं असतात, म्हणून तिथेही भिंती जाड. पण यंत्र बंद केलं की झोत संपतो.