मैदान की बाग? बर्डीतल्या मोठ्या पार्कआधी ठरवायची गोष्ट

नागपूरच्या मध्यभागी एक भलंमोठं सार्वजनिक पार्क हवं, याला सहसा कुणाचा विरोध नसतो. मे महिन्यात झिरो माईलच्या सिग्नलवर दुचाकी थांबवून उभ्या असलेल्या कुणालाही विचारा. भांडण पुढे लागतं. पार्क म्हटल्यावर काहींच्या डोळ्यांपुढे मोकळं मैदान येतं, काहींच्या डोळ्यांपुढे गर्द बाग. विकास आराखड्याच्या नकाशावर दोन्ही हिरवीच दिसतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. आरक्षणाच्या यादीत मात्र ‘खेळाचे मैदान’ आणि ‘उद्यान’ अशा दोन निराळ्या नोंदी असतात, आणि त्या निराळ्या असण्याला जमिनीच्या पोटातली कारणं आहेत.

कस्तुरचंद पार्कच घ्या. सर कस्तुरचंद डागांच्या नावाची ही जागा पार्क म्हणवते, पण आहे अस्सल मैदान. मधोमध तो मंडप, बाकी सगळं मोकळं. २६ जानेवारीचं संचलन इथे, दसऱ्याचं रावणदहन इथे, निवडणुकीच्या सभा इथे. नागपूर मेट्रोचं भूमिपूजनही २१ ऑगस्ट २०१४ रोजी इथेच झालं. मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कचं तेच, नाव पार्कचं आणि नांदणूक मैदानाची. उलट महाराजबाग ही खरीखुरी बाग. भोसल्यांच्या काळापासूनची, आता कृषी विद्यापीठाच्या ताब्यातली, शेजारून नाग नदी वाहते आणि आत प्राणिसंग्रहालय आहे. दोन्ही जागा बर्डीपासून, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती सीताबर्डीपासून, हाकेच्या अंतरावर. एकीचं काम दुसरीला सांगितलं तर दोन्ही बिघडतात.

बिघडतात म्हणजे काय, ते मातीपासून बघावं लागेल. नागपूरच्या पश्चिम भागात काळ्या पाषाणावरची काळी कपाशीची माती आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते आणि चपलेला चिकटून येते. अशा मातीवर मैदान करायचं तर वर मुरमाचा थर द्यावा लागतो, पाणी मारून रोलर फिरवावा लागतो, पाणी वाहून जाईल असा हलका ढाळ काढावा लागतो आणि कडेने नाल्या खोदाव्या लागतात. थोडक्यात, मैदानाची माती जितकी दाबून बसवलेली तितकं मैदान चांगलं. बागेचं नेमकं उलटं. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते आणि ती मातीच्या पोकळ्यांतून मिळते. माती दाबली गेली की पोकळ्या बुजतात, पाणी मुरत नाही, मुळं गुदमरतात. म्हणून बागेत चार दिवसांचं प्रदर्शन भरवलं, पेंडॉलवाल्यांचे ट्रक झाडांच्या बुडाशी उभे राहिले, तर नुकसान त्या आठवड्यात दिसत नाही. झाड पुढच्या एकदोन उन्हाळ्यांत शेंड्याकडून वाळायला लागतं, आणि तोवर प्रदर्शन कुणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

मैदानालाही त्याचे त्रास आहेतच. सगळ्यांत मोठा धुळीचा. शिवाजी पार्कात लाल माती टाकल्यावर आजूबाजूच्या रहिवाशांनी किती वर्षं ओरड केली, ते वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना माहीत आहे. त्यावर लोक चटकन सुचवतात, मग सगळीकडे हिरवळ लावा ना! इथे पाण्याचा हिशेब मांडावा लागतो.

एका एकरावर एक मिलिमीटर पाणी द्यायचं तर साधारण चार हजार लिटर लागतं. नागपूरच्या उन्हाळ्यात हिरवळ जगवायला रोज पाच मिलिमीटर धरलं, आणि हा अंदाज हात आखडूनच केलेला आहे, तरी एकरी वीस हजार लिटर झाले. वीस एकर हिरवळ म्हणजे रोजचे चार लाख लिटर. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर, मार्चच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत, दररोज. ज्या महिन्यांत वस्त्यांमध्ये लोक टँकरची वाट बघत उभे असतात, त्याच महिन्यांत. पिण्याचं पाणी तर या कामाला नकोच. आपली महापालिका भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला देते. त्याच धर्तीवर बागेपुरता छोटा प्रकल्प नदीकाठी बसवता येईल. पण माझं मत विचाराल तर नागपूरच्या बागेचा दिमाख हिरवळीत शोधायचाच कशाला? वड, पिंपळ, चिंच, कडुनिंब, करंज, ओलाव्याच्या जागी कहू, म्हणजे अर्जुन. पहिले तीन उन्हाळे नीट पाणी द्या, पुढे ही झाडं बरीचशी आपली आपण जगतात. पारा ४५ च्या पुढे गेला की माणसाला सावली लागते, लॉन नाही. परदेशी पार्कांचे फोटो बघून आखलेल्या आराखड्यांत लॉन मोठं आणि झाडं कडेला शोभेपुरती असतात. आपल्या हवेला हे प्रमाण उलटं हवं.

आता माणसांकडे येऊ. बागेत माणूस रेंगाळायला जातो: म्हातारी मंडळी, पोरं, कॉलेजातली जोडपी, सकाळी फिरणारे. तिथे वळणावळणाच्या वाटा, बाकडी, झुडपं, एखाददोन फाटकं आणि ठरलेल्या वेळा चालतात. मैदानात एकाच वेळी हजारो माणसं येतात आणि मुख्य म्हणजे एकाच वेळी बाहेर पडतात. त्याला चारही बाजूंनी रुंद वाटा हव्यात, मध्ये कारंजं नको, उंच कट्टे नकोत, अॅम्ब्युलन्स सरळ आत येईल असा मार्ग हवा.

हा मुद्दा इतर शहरांत पुस्तकी वाटेल, नागपुरात नाही. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथे होतं आणि राज्यभरातून मोर्चे येतात. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटपाशी अडवला गेला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. त्यांचं स्मारक त्याच रस्त्यावर आहे आणि बर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. विधानभवनापासून चालत जाता येईल अशा टापूत, मोठा जमाव थांबू शकेल, बसू शकेल आणि सुखरूप परतू शकेल अशी मोकळी जमीन या शहराला दरवर्षी लागते. कस्तुरचंद पार्कात फुलझाडांचे वाफे आणि वळणदार वाटा आखणाऱ्याने अधिवेशनाच्या दिवसांत बर्डीत एकदा फेरी मारावी.

शिवाय हा रस्ता एकाच दिशेने जातो. मैदानात झाडं लावून त्याची बाग करता येते. बागेचं पुन्हा मैदान करणं जवळपास अशक्य, कारण झाड तोडायचं तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. लागायलाच हवी. अजनीची झाडं तुटू नयेत म्हणून नागपूरकर रस्त्यावर उतरले होते, ती जागरूकता मोलाचीच आहे. पण म्हणूनच मोकळ्या मैदानात शंभर रोपं लावताना पुढच्या पिढ्यांसाठी कायमचा निर्णय होतो, हे लावणाऱ्याला ठाऊक असावं. कस्तुरचंद पार्क वारसा यादीत पहिल्या श्रेणीत आहे, आणि त्या श्रेणीत वारशाच्या जतनासाठी आवश्यक तेवढेच बदल करावेत असा नियम असतो. त्याचा मोकळेपणा हाच त्याचा वारसा, असं मी समजतो. सुशोभीकरणाच्या निमित्ताने २०१८ मध्ये तिथे खोदकाम झालं तेव्हा जमिनीतून जुन्या तोफा निघाल्या. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईचा हा परिसर. खाली आणखी काय आहे कुणास ठाऊक. मग लॉनसाठी पुन्हा कुदळ कशाला मारायची?

मग मोठी बाग कुठे करायची? माझं बोट नकाशावर नाग नदीकडे जातं. महाराजबागेपासून बर्डीच्या मागून पुढे जाणारा नदीकाठ. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, मोरभवनचं बसस्थानक पाण्यात गेलं. नदीकाठची बाग दोन दिवस पाण्याखाली राहिली तर फार काही बिघडत नाही. बाकडी धुवायची, गाळ काढायचा, वाटा झाडून घ्यायच्या. ते पाणी तिथे थांबलं म्हणून खाली कुणाच्या तरी घरात शिरलं नाही, हा फायदा वेगळाच. मैदान दोन दिवस बुडालं तर मुरमाचा थर वाहून जातो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. म्हणजे सखल जागी बाग, उंच जागी मैदान. यात जमिनीच्या मालकीचे गुंते आहेत, मान्य: थोडी विद्यापीठाची, थोडी महापालिकेची, थोडी आणखी कुणाची. पण जिथे गुंता नाही तिथे करू म्हणून मैदानावर बाग बसवणं ही सोय झाली, नियोजन नव्हे.

झिरो माईलजवळ मेट्रोने २०२१ मध्ये उघडलेलं फ्रीडम पार्क या दोहोंपैकी कशातच बसत नाही. ते स्टेशनसमोरचं फरसबंदीचं अंगण आहे, आणि त्या कामाला ठीक आहे.

‘खाली पार्किंग, वर पार्क’ या योजनेचंही बोलायला हवं, कारण मध्यवर्ती जागा म्हटली की ती येतेच. स्लॅबवर तीन-चार फूट माती टाकून हिरवळ येते, जास्वंद-कण्हेर येते. वड येत नाही. चिंचही नाही. तळघरावरची बाग कायम कुंडीतलीच राहते, आणि पाऊस स्लॅबवरून गटारात जातो, जमिनीत मुरत नाही. बागेखाली पार्किंगला माझा साफ नकार. मैदानाखाली त्याचा विचार तरी होऊ शकतो, अर्थात वारशाच्या जागी तोही नाही.

कायद्यापुढे दोघांचं बळ बरंचसं सारखं. बेंगळुरूत बागेसाठी राखलेली जागा खासगी दवाखान्याला दिली गेली तेव्हा १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्दबातल ठरवलं. त्यामुळे मैदान किंवा बाग गिळून इमारत उभी करायला निघालं की लोक कोर्टात जातात आणि पुष्कळदा जिंकतात. मैदानाची बाग होताना मात्र कुणी जात नाही, कारण वरकरणी काहीच गेलेलं नसतं. हिरवं ते हिरवंच.

आराखड्यात असा बदल करायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली राजपत्रात सूचना काढावी लागते आणि हरकतींसाठी महिनाभराची मुदत मिळते. सूचनेत ‘विकास’, ‘सुशोभीकरण’, ‘हरित’ असले शब्द भरपूर असतील. ते सोडून तीन गोष्टी शोधा: सध्याचं आरक्षण मैदानाचं आहे की उद्यानाचं, बदलानंतर काय होणार, आणि मोकळी सपाट जागा किती एकर उरणार. तिसरा आकडा सूचनेत नसेल तर तुमची पहिली हरकत तीच.