पोह्यांवर पडलेली पार्सली

जर्मनीत नव्याने संसार मांडलेल्या बऱ्याच मराठी घरांत एकदा तरी पार्सलीचे पोहे होतात. फोडणी जमलेली, पोहे मोकळे, वरून हिरवागार शिडकावा, आणि पहिल्या घासाला सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मग घरी फोन जातो: "आई, इथल्या कोथिंबिरीला वासच नाही गं!" इथे मिळणाऱ्या कोथिंबिरीला चांगला घमघमाट असतो. फक्त त्या दिवशी पिशवीतून आली ती कोथिंबीर नसते, तिच्यासारखीच दिसणारी पार्सली असते.

अशी फसगत अगदी साहजिक आहे. दोन्ही वनस्पती गाजर, जिरे, ओवा, बडीशेप यांच्याच कुळातल्या. पार्सलीचे दोन प्रकार सर्रास मिळतात. कुरळ्या पानांची पार्सली कुणाला चकवत नाही. चकवते ती सपाट पानांची. त्यातून तुर्की दुकानात गेलात तर तिच्या जाडजूड, ताज्या, स्वस्त जुड्या समोरच रचलेल्या असतात, कारण तुर्की स्वयंपाकात पार्सली मुबलक लागते. आपल्या मंडईची सवय असलेला हात आपोआप तिकडेच वळतो.

नुसतं पाहून ओळखायचं तर पानाच्या कडा बघा. कोथिंबिरीचं पान पातळ, फिकट हिरवं, आणि त्याच्या कडा गोलसर. पार्सलीचं पान गडद, जरा जाड, टोकं अणकुचीदार. कोथिंबिरीची देठं कोवळी असतात, पार्सलीची ताठ आणि चिवट. पण दोन दिवस फ्रीजमध्ये मलूल झालेल्या जुडीत हे फरक दिसेनासे होतात, म्हणून माझा भरवसा नाकावर. पानाचं टोक दोन बोटांत चुरडा. कोथिंबीर असेल तर वास लगेच बोटांना चिकटतो. पार्सली असेल तर ताज्या कापलेल्या गवतासारखा सौम्य हिरवा वास येतो. आधीच प्लॅस्टिकमध्ये बंद असेल तर लेबल वाचायचं: पेटरझीली म्हणजे पार्सली, कोरिआंडर म्हणजे आपली कोथिंबीर. मसाल्यांच्या फळीवरचं कोरिआंडर मात्र धणे असतात.

पोह्यांवर पार्सली पडली तर फारसं बिघडत नाही. चटणीत मात्र चूक लपत नाही. हिरव्या चटणीत आपण देठांसकट कोथिंबीर वाटतो, कारण चव त्या देठांतच जास्त. पार्सलीची देठं तशी वाटली तर दोरे राहतात आणि चटणी कडवट होते. कोथिंबीर वडीचंही तेच: वड्या सुरेख थापल्या जातात, खरपूस तळल्या जातात, आणि खाताना काहीतरी हरवल्यासारखं वाटत राहतं.

एवढ्यावरून पार्सलीला कमी लेखू नये, असं मला मनापासून वाटतं. आपण कोथिंबीर शेवटी घालतो, कारण शिजवली की तिचा वास उडतो. पार्सली शिजण्यात बऱ्यापैकी टिकते, म्हणून सूपमध्ये ती शोभते. लेबनॉनच्या ताबुले नावाच्या सॅलडमध्ये तर ती मूठभर सजावट नसून मुख्य भाजीच असते. फ्रँकफुर्टच्या हिरव्या सॉसमध्ये सात पाले पडतात, त्यांत पार्सली आहे, कोथिंबीर नाही. आणि एका प्रकारच्या पार्सलीची पांढरी मुळं इथे भाजी म्हणून विकतात, तीही कोवळा मुळा समजून घरी येतात. त्यांची कोशिंबीर करू नका, उकडून खा, गोडसर लागतात.

ज्यांना दर आठवड्याला कोथिंबीर लागते त्यांनी भारतीय दुकानातले अख्खे धणे आणून हलके रगडावेत, दोन फाका होऊ द्याव्यात आणि रुंद कुंडीत पेरावेत. साधारण दोन आठवड्यांत कोंब दिसतात. जून-जुलैच्या लांब दिवसांत रोप पटकन तुऱ्यावर येतं, म्हणून एकदम सगळं न पेरता थोडं थोडं पेरत राहावं. पार्सलीचं बी उगवायला त्याहून जास्त वेळ घेतं, पण रोप एकदा धरलं की पुढच्या वसंतापर्यंत पाला देत राहतं. दोन्ही लावणार असाल तर कुंड्यांवर नावं घाला.