मुख्यमंत्री वयोश्री योजना: चष्म्यासाठी अर्ज करण्याआधी डोळे तपासून घ्या

६ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानुसार मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ज्येष्ठांना सहाय्यक साधनांसाठी एकदाच, ३,००० रुपयांपर्यंतची रक्कम थेट बँक खात्यात मिळते. चष्माही त्या यादीत आहे. मात्र या पैशातून जत्रेतली तयार चाळिशी आणू नका.

नजर हळूहळू अधू होते, म्हणून घरातले आजी-आजोबा तक्रारच करत नाहीत. त्यातून एक डोळा गेला तरी दुसरा सांभाळून घेतो. त्यामुळे दोन्ही डोळे वेगवेगळे तपासायचे. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातील नेत्र चिकित्सा अधिकारी सहा मीटरवरून तक्ता वाचायला सांगतात; अक्षरओळख नसेल तर इंग्रजी 'ई'चे तोंड कुठे आहे ते हाताने दाखवायचे. डोळा तळहाताने झाका. बोटांच्या फटीतून दिसते आणि तपासणी फसते. जुना चष्मा सोबत न्या.

दृष्टी ६/१८ पेक्षा (म्हणजे निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसते ते ६ मीटरवरून दिसण्यापेक्षा) कमी भरली की बारीक भोकातून, म्हणजे पिनहोलमधून, पाहायला लावतात. त्यातून स्पष्ट दिसले तर बहुधा नंबराच्या चष्म्याने काम भागते. नाही दिसले तर मोतीबिंदू, काचबिंदू किंवा पडद्याचा विकार आहे का ते पाहावे लागते. 'सत्तरीत चाळिशी सुटली' म्हणून हुरळून जाऊ नका. मोतीबिंदू वाढताना काही काळ जवळचे बिनचष्म्याने दिसू लागते. अशा वेळी डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली तर आधी ती (सरकारी रुग्णालयात ती मोफत होते), नंबर मागाहून. मधुमेह्यांनी साखर आटोक्यात आल्यावरच नंबर काढावा, नाहीतर नंबर बदलून चष्मा लवकरच निरुपयोगी ठरू शकतो.

अर्जदार राज्याचा रहिवासी हवा, ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत ६५ वर्षे पूर्ण झालेली हवीत आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत हवे. मागील तीन वर्षांत तेच साधन सरकारकडून मोफत मिळालेले नसावे. आधार किंवा मतदान कार्ड, राष्ट्रीयीकृत बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स, दोन पासपोर्ट फोटो आणि स्वयंघोषणापत्र जोडून अर्ज जिल्ह्याच्या सहाय्यक आयुक्त, समाज कल्याण कार्यालयात द्यायचा. आधारवर 'गंगूबाई' आणि पासबुकात 'गंगाबाई' असेल तर पैसे अडकू शकतात, ते आधी दुरुस्त करा. खाते चालू आहे ना, तेही बँकेत विचारा.

पैसे जमा झाल्यावर ३० दिवसांत खरेदीचे बिल प्रमाणित होऊन पोर्टलवर चढले पाहिजे, अन्यथा रक्कम वसूल होते. म्हणून दुकानदाराकडून लाभार्थ्याच्या नावाचे, तारखेचे पक्के बिल त्याच दिवशी घ्या.