शब्दांकन वेगळं, प्राण्यांवरचं पुस्तक वेगळं

दुसऱ्यांची आत्मचरित्रं वर्षानुवर्षं लिहून देणारा, म्हणजे शब्दांकन करणारा लेखक प्राण्यांवरच्या पुस्तकाकडे वळला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "काम तेच, फक्त समोर माणूस नाही." या समजुतीपायी चांगल्या लेखणीची पुस्तकं वाया जातात.

शब्दांकन कसं होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. मुलाखती रेकॉर्ड करायच्या, उतरवायच्या, बोलण्याची लकब पकडायची, मसुदा दाखवून मंजुरी घ्यायची. मुखपृष्ठावर नाव कोणाचं, मानधन एकरकमी की रॉयल्टी, या गोष्टी दोन्हीकडे वेगळ्या असतात, पण त्या करारात मिटतात.

अडतं ते मंजुरीपाशी. "त्या दिवशी मला अपमान वाटला" हे तुम्ही अंदाजाने लिहिलंत आणि तसं नसेल, तर तो माणूस ते वाक्य खोडतो. बिबट्या मसुदा वाचत नाही. त्याच्या मनाबद्दल लिहिलेलं वाक्य तो खोडणार नाही. तुटक आठवणींना पटेल असा हेतू जोडायचा, ही शब्दांकनातली सर्वांत मोलाची सवय इथे घात करते.

ऊसतोडीच्या हंगामातलं उदाहरण घ्या. फडात बिबट्याचे बछडे सापडतात, मादी आसपास दिसत नाही. सवयीचा लेखक लिहितो, "आईने टाकून दिलं." प्रत्यक्षात मादी पिल्लं लपवून शिकारीला जाते, जागाही बदलत राहते. बछडे त्याच ठिकाणी खोक्यात ठेवून माणसं दूर गेली, तर अंधार पडल्यावर ती पुष्कळदा येऊन त्यांना घेऊन जाते. "टाकून दिलं" वाचलेला गावकरी पिल्लं उचलून घरी नेईल, म्हणजे ताटातूट खरोखरची होईल.

हत्तीच्या गालावरचा ओला पट्टा पाहून "तो रडत होता" असं लिहिणंही तसंच. डोळा आणि कान यांच्या मधल्या ग्रंथीतून तो स्राव येतो, आणि नर मदात, म्हणजे माजावर, असताना तो वाहतो. अशा हत्तीपासून लांब राहायचं असतं. माकडाने दात विचकले की पुस्तकांत ते "हसतं". ते बहुधा घाबरलेलं असतं, आणि जवळ गेलेल्या माणसाला चावतं. नाग डूख धरतो हे तर अजूनही वस्तुस्थिती म्हणून छापलं जातं. माणसाचा चेहरा लक्षात ठेवून सूड घेण्याची क्षमता सापात नाही.

यावर उपाय वहीतच करायचा. पान उभं दुमडा. डावीकडे फक्त दिसलेलं: वेळ, अंतर, ऊन-वारा, किती प्राणी, काय केलं. उजवीकडे तुमचा अर्थ, आणि त्याच्याशेजारी निदान एक दुसरा संभाव्य अर्थ. "पिल्लाची वाट पाहत होती" हे उजवीकडचं. "२० मिनिटं ओढ्याकडे तोंड करून बसली, दोनदा कान फिरवले" हे डावीकडचं. नोंद तिथेच करा. संध्याकाळी आठवून लिहिलं की दोन्ही रकाने एकमेकांत मिसळतात, आणि मग ते वेगळे करता येत नाहीत.

मुलाखतीचं कसब मात्र इथेही पुरेपूर उपयोगी आहे. माहूत, वनरक्षक, गुराखी यांच्याइतकं प्राण्याला जवळून पाहिलेले लोक थोडे. पण माहुताचं म्हणणं माहुताच्या नावाने द्या. "तिला राग आला होता, असं माहूत सांगतो" हे प्रामाणिक वाक्य आहे. "असं माहूत सांगतो" गाळलंत की त्याचा तर्क हत्तिणीच्या तोंडी जातो. तुम्ही स्वतः पाहिलंत का, हेही प्रत्येक वेळी विचारा. ऐकीव किस्से फार सहज मिसळतात.

"मी बिबट्या बोलतोय" हा शाळेतल्या आत्मवृत्ताचा साचा मोठ्यांच्या पुस्तकात नकोच. मुलांसाठी हवाच असेल, तर प्राण्याने पाहिलं-हुंगलं-ऐकलं असेल तेवढंच त्याच्या तोंडी घाला. गावाचं नाव, तारीख, पश्चात्ताप नको.

घरट्याची किंवा गुहेची नेमकी जागा छापू नका, पुस्तकामागोमाग कॅमेरे पोचतात. छपाईआधी मसुदा त्या प्राण्याचा अभ्यास करणाऱ्याला द्या. भाषा तपासायला सांगू नका. "वाटलं, ठरवलं, आठवलं, रागावला" ही क्रियापदं अधोरेखित करून द्या आणि प्रत्येकासमोर विचारा: हे कशावरून? उत्तर मिळालं नाही की क्रियापद काढा, डाव्या रकान्यातली नोंद ठेवा.