वर्तुळातला आर आला कुठून? ओपन सोर्स कार्यप्रणालींच्या पुस्तिका आणि ट्रेडमार्क

ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, कार्यप्रणालीचे कुठलेही इंग्रजी हँडबुक उघडा. युनिक्स, विंडोज, जावा अशा नावांच्या डोक्यावर वर्तुळातला आर (नोंदणीकृत ट्रेडमार्कची खूण) किंवा टीएम (नोंदणीशिवायही लावता येणारी ट्रेडमार्कची खूण) बसलेला दिसतो. मराठी अनुवादात तो ठेवायचा की काढायचा, यावर नवी पुस्तिका हाती घेतली की पुन्हा जुंपते. ठेवा म्हणणारे कायद्याकडे बोट दाखवतात, काढा म्हणणारे वाचकाकडे. ही खूण मुळात कोणी, कोणाला घाबरून घातली, हे सहसा कोणी विचारत नाही.

सुरुवात युनिक्स या जुन्या कार्यप्रणालीपासून करावी लागते, पण तिथे फार रेंगाळायचे कारण नाही. जुन्या लेखांत पहिल्या उल्लेखाला तारांकन आणि पानाच्या तळाशी मालकाचे नाव असा शिरस्ता होता. मालक बदलत गेले, तशी तळटीपही बदलत गेली. पुढे बर्कलीतल्या मंडळींनी काढलेल्या एका कंपनीने आपली बीएसडी (बर्कली विद्यापीठात घडलेला युनिक्सचा अवतार) विकायला काढली आणि टोल-फ्री नंबर असा घेतला की फोनच्या बटणांवरची अक्षरे जुळवली तर 'इट्स युनिक्स' असे वाचता येई. युनिक्सच्या मालकांची पहिली तक्रार याच नंबराबद्दल होती, कोडचे भांडण त्यानंतरचे. नंबर लगेच सोडला, जाहिराती बदलल्या, तरी १९९२ मध्ये खटला उभा राहिलाच. १९९४ च्या सुरुवातीला तो मिटला, तोवर बीएसडीच्या गोटात 'युनिक्स' म्हणायचे नाही, 'युनिक्ससारखी' म्हणायचे, ही सवय अंगवळणी पडली होती.

दरम्यान १९९३ मध्ये युनिक्सचे नाव आणि युनिक्सचा कोड यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. नाव एका मानके ठरवणाऱ्या संघटनेकडे गेले. ठरलेल्या चाचण्या पास करा, शुल्क भरा आणि युनिक्स म्हणवून घ्या, अशी व्यवस्था झाली. २००७ मध्ये मॅकच्या कार्यप्रणालीला हा शिक्का मिळाला. बर्कलीच्या कोडची थेट वारस असलेली फ्रीबीएसडी मात्र कागदोपत्री युनिक्स नाही. वंशावळ सांगायची, पण आडनाव लावायचे नाही, अशी हँडबुक लिहिणाऱ्याची कसरत तिथपासून चालू आहे.

लिनक्स या ओपन सोर्स कार्यप्रणालीचा किस्सा जास्त बोचरा आहे. लिनक्स घडवण्याशी काही संबंध नसलेल्या बोस्टनच्या एका गृहस्थाने १९९४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत त्या नावाच्या नोंदणीसाठी अर्ज केला. १९९५ मध्ये नोंदणी मिळाली आणि १९९६ मध्ये पत्रे निघाली : १० टक्के रॉयल्टी द्या. पत्र मिळालेल्यांत सीडी विकणारे होते, तसे लिनक्सवर मासिक काढणारेही होते. म्हणजे नुसते मुखपृष्ठावर लिनक्स छापणे महागात पडू शकत होते. नोंदणी रद्द करण्याची मागणी झाली आणि १९९७ च्या ऑगस्टमध्ये तडजोड होऊन नाव मूळ निर्मात्याकडे आले. 'लिनक्स हा अमुक यांचा अमेरिकेत व इतर देशांत नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे' ही ओळ अनेक डिस्ट्रोंच्या (लिनक्सच्या तयार आवृत्त्यांच्या) संकेतस्थळांच्या तळाशी दिसते, तिच्यामागे हे भांडण आहे. त्या ओळीत देशाचे नाव आहे, हे लक्षात असू द्या. पुढे त्याचे काम पडणार आहे.

इकडे मुंबईत त्या काळी लिनक्स यायचे ते मासिकासोबतच्या सीडीतून, नाहीतर लॅमिंग्टन रोडवरून, मार्करने नाव लिहिलेल्या चकतीवर. ट्रेडमार्कचे कोणाला सोयरसुतक नव्हते. २००० च्या आसपास भारतीय भाषांत मेनू आणि संदेश आणण्याचे काम सुरू झाले, तेव्हाही वाद रंगायचे ते 'फोल्डर'ला काय म्हणायचे यावर.

डॉक्युमेंटेशनमध्ये ही खूण शिरली ती बरीचशी पुस्तक-प्रकाशकांच्या दारातून. अमेरिकेतल्या संगणक-पुस्तकांच्या पहिल्या पानांत एक ठरावीक परिच्छेद असतो : उत्पादक आपल्या मालासाठी वापरत असलेली अनेक नावे ट्रेडमार्क आहेत, आम्हाला जिथे तसा दावा ठाऊक होता तिथे ते नाव मोठ्या अक्षरांत छापले आहे. फ्रीबीएसडीच्या पुस्तिकांनी जवळपास हाच परिच्छेद घेतला, फक्त मोठ्या अक्षरांऐवजी खूण घातली. पुस्तिका ज्या खुणांच्या भाषेत लिहीत, त्या डॉकबुकमध्ये त्यासाठी वेगळा टॅग होताच. त्यावर प्रत्येक नावाची एक लघुसंज्ञा करून ठेवली, म्हणजे लेखकाने ती टंकली की नाव आणि खूण दोन्ही आपोआप उमटत. सोय उत्तम, पण तिच्यामुळे एका पानात पाच वेळा युनिक्स आले तर पाच वेळा आरही आला. २०२१ मध्ये या पुस्तिका नव्या साच्यात गेल्या, तेव्हा टॅग गेले आणि त्यांच्या जागी मूळ मजकुरात कंसातला आर आला. छापून दिसते ते पूर्वीसारखेच.

मधली तीन वर्षे, २००४ ते २००६, या विषयाला खरे वळण देणारी. एका फ्रेंच कंपनीच्या लिनक्सचे नाव मँड्रेक होते. इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळासोबत वाचलेला तो जादूगार ज्यांचा होता, ते कोर्टात गेले आणि जिंकले. २००५ मध्ये मँड्रेकचे मँड्रिव्हा झाले. विंडोजशी नाव जुळते म्हणून कोर्टात खेचल्या गेलेल्या लिंडोज या लिनक्सने २००४ मध्ये दोन कोटी डॉलर घेऊन नाव सोडले. नाव सोडणाऱ्यालाच पैसे मिळाले, कारण 'विंडोज' हा शब्द आधीपासून सर्रास वापरातला होता का, हा प्रश्न कोर्टात टोकाला जाऊ देणे समोरच्याला परवडणारे नव्हते. २००६ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरच्या मालकांनी डेबियन या लिनक्स डिस्ट्रोला सांगितले, नाव वापरायचे तर चित्रही आमचेच वापरा आणि बदल आम्हाला दाखवा. डेबियनने नावच टाकले आणि दहा वर्षे तोच ब्राउझर आइसवीझल म्हणून दिला. २०१६ मध्ये फायरफॉक्स परत आला. या दहा वर्षांत पुस्तिका लिहिणाऱ्यांनी 'आइसवीझल, म्हणजे फायरफॉक्स' हे किती वेळा लिहिले असेल, याची मोजदाद नाही.

पण सर्वांत विचित्र अवस्था सेंटओएसची झाली. एका मोठ्या कंपनीच्या लिनक्सचा जाहीर कोड घेऊन, त्यातून कंपनीची नावे आणि चित्रे काढून, तीच कार्यप्रणाली फुकट देणारा हा प्रकल्प होता. कोडच्या परवान्याप्रमाणे सगळे रीतसर होते. २००५ मध्ये वकिलांचे पत्र आले आणि संकेतस्थळावरून त्या कंपनीचे नाव गेले. मग उरले 'उत्तर अमेरिकेतील एक प्रख्यात एंटरप्राइज लिनक्स विक्रेता', पुढे नुसते 'अपस्ट्रीम विक्रेता', म्हणजे मूळ कोड जिथून येतो तो. वाचणाऱ्या प्रत्येकाला कंपनी ठाऊक होती : रेड हॅट. ही वस्तू कशापासून बनली, हे खरे सांगण्यासाठी नाव घेणे हा ट्रेडमार्कचा भंग नव्हे, पण वकिलाशी भांडायला स्वयंसेवकाकडे ना वेळ, ना पैसा. माझ्या मते डॉक्युमेंटेशनमधल्या अतिसावधपणाचे मूळ इथे आहे. कायदा काय म्हणतो यापेक्षा कोण पत्र पाठवील याचा धाक मोठा ठरला. २०१३ मध्ये उबुंटू या लिनक्सवर टीका करणाऱ्या एका संकेतस्थळालाही नाव-चिन्हावरून असेच पत्र गेले होते. बोभाटा झाल्यावर कंपनीला माफी मागावी लागली.

आता आपल्याकडचे. भारतात १९९९ चा ट्रेड मार्क कायदा २००३ च्या १५ सप्टेंबरला लागू झाला. त्याच्या ३०व्या कलमात सरळ म्हटले आहे की मालकाचीच वस्तू ओळखण्यासाठी त्याचे नाव प्रामाणिकपणे वापरले, त्या नावाचा गैरफायदा घेतला नाही, तर भंग होत नाही. 'विंडोजचे विभाजन (पार्टिशन) कसे जपावे' असे शीर्षक द्यायला परवानगी लागत नाही आणि खूणही लागत नाही. पुस्तिका लिहिणाऱ्यावर दुसऱ्याच्या नावाला आर लावण्याची सक्ती या कायद्यात नाही.

उलट धोका दुसरीकडेच आहे. १०७वे कलम नोंदणी नसलेले चिन्ह नोंदणीकृत असल्याचे भासवण्याबद्दल आहे, आणि मूळ मजकुरात त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. त्याच कलमाप्रमाणे नोंदणी सुचवणारी कुठलीही खूण भारतात वापरली, की ती भारतातल्या नोंदवहीबद्दलच आहे असे धरले जाते. सुटका हवी असेल तर नोंदणी परदेशातली आहे हे शेजारी, निदान तेवढ्याच मोठ्या अक्षरांत सांगावे लागते. म्हणजे अमेरिकेत नोंदलेल्या पण इथे न नोंदलेल्या एखाद्या छोट्या प्रकल्पाच्या नावावर अनुवादकाने निमूटपणे ठेवलेला आर हा सावधपणा नाहीच. मघाची लिनक्सची ओळ देशासकट लिहिलेली असल्याने सुरक्षित आहे, परिच्छेदात विखुरलेले सुटे आर नाहीत. अनुवादासाठी एखाद्यावर खरोखर कारवाई होईल असे मला वाटत नाही. पण कायद्याचे नाव घेऊन खूण ठेवायची, तर कायदा निदान इथला बघावा.

त्यात मराठीची स्वतःची अडचण. कंपन्यांच्या नियमावल्या सांगतात : नाव विशेषणासारखे वापरा, अनेकवचन करू नका, मालकीचा प्रत्यय लावू नका. इंग्रजीत हे जमते. मराठीत नावाला प्रत्यय लागल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. 'विंडोजवरून उबुंटूवर येताना' यात खूण घालायची तर ती 'विंडोज' आणि 'वरून' यांच्या मधे येते. शब्द तुटतो, पीडीएफमध्ये 'विंडोजवरून' शोधले तर सापडत नाही आणि फाँटमध्ये ती खूण नसेल तर ओळच उडालेली दिसते. खूण प्रत्ययानंतर घातली तर 'वरून'सकट सगळे नोंदणीकृत झाल्यासारखे वाटते. फेडोरा या लिनक्सला तर बोलताना लोक 'फेडोऱ्यात' म्हणतात, तिथे नोंदलेले नाव कुठे संपते हे कोणी सांगावे! अनुभवी अनुवादक 'विंडोज या कार्यप्रणालीवरून' असे लिहून प्रत्यय दुसऱ्या शब्दावर ढकलतात. पहिल्या उल्लेखाला ते शोभते, दहाव्याला कंटाळवाणे होते.

नाव सर्रास वापरात आले तर मालकाचा हक्क बुडतो, म्हणून खूण हवी, हा युक्तिवादही ऐकू येतो. मुंबईत दर नाक्यावर 'झेरॉक्स'ची पाटी असते आणि तिथले यंत्र भलत्याच कंपनीचे असते. तरी ते सामान्यनाम झाले म्हणून नोंद काढा, ही मागणी २०१२ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळाने फेटाळली. दुकानदारांच्या पाट्यांनी जे बुडाले नाही, ते पुस्तिकेतल्या खुणेअभावी बुडेल हे पटत नाही. शिवाय मोठमोठ्या ब्रँडनी मराठी पाट्यांच्या सक्तीनंतर आपली नावे स्वतःच देवनागरीत लिहिली आहेत, त्यामुळे नाव रोमन लिपीतच ठेवा हा आग्रहही सैल व्हायला हवा.

पवईच्या आयआयटीत तयार होणाऱ्या बोलक्या संगणक-पाठांच्या (स्पोकन ट्युटोरियल) मराठी आवृत्तीत हा प्रश्न आपसूक मिटला, कारण आवाजात वर्तुळ काढता येत नाही. अर्थात ट्रेड मार्क कायद्याच्या २९व्या कलमाप्रमाणे नाव नुसते उच्चारूनही भंग होऊ शकतो, पण खोटा संबंध सुचवला तर. 'आता उबुंटूमध्ये टर्मिनल उघडा' यात तसे काही नाही.

सध्या काही मराठी अनुवादक मजकूर खुणांविना ठेवतात आणि सुरुवातीच्या पानावर एकच यादी देतात : नाव, मालक, नोंदणी कोणत्या देशात. देश नक्की नसेल तर टीएम, कारण त्याला नोंदणी लागत नाही. भारतात नोंद आहे का, हे पाहायला अँटॉप हिलच्या ट्रेड मार्क कार्यालयाला खेटे घालावे लागत नाहीत. तिथल्या नोंदवहीत ऑनलाइन शोध घेता येतो, त्याला शुल्क नाही, आणि सॉफ्टवेअरची नावे मालाच्या वर्गवारीतल्या नवव्या वर्गात सापडतात.