लाखोळीने पाय जातात, ते मेंदूतून

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात लाखोळी हे कडधान्य पेरायला नांगर लागत नाही. धान अजून बांधीत उभा असतो, खाली चिखलाची ओल असते, आणि कापणीच्या दहा-पंधरा दिवस आधी त्या उभ्या धानातच बी फेकतात. हा उतेरा. धान कापून नेला की धसकटांतून लाखोळी डोके वर काढते, निळसर फुले धरते आणि ना पाणी, ना खत, उरल्यासुरल्या ओलीवर शेंगा भरते. कोवळ्या पाल्याची भाजी, डाळीचे वरण, पिठाचे वडे, कुटार बैलांना. शेजारच्या शेतातला हरभरा करपला तरी ही तग धरते. अशा गुणी पिकाला ‘पाय घालवणारी डाळ’ असा बोल लागला. पाय जाण्याची ती गोष्ट मेंदूपर्यंत पोहोचायला मात्र दीडशे वर्षे गेली.

या रोगाचे नाव लॅथिरिझम. बहुधा तरुण पुरुष त्यात सापडतो. पोटऱ्या ताठ होतात, टाच टेकत नाही, माणूस चवड्यांवर चालू लागतो, आणि पुढे गुडघे एकमेकांना घासत पाय कात्रीसारखे आडवे पडतात. हात नीट चालतात. बोलणे स्पष्ट, बुद्धी शाबूत, पायाला चिमटा काढला तर कळतो. मध्य प्रदेशातल्या रीवा भागात वर्षानुवर्षे हे रुग्ण तपासणाऱ्या डॉ. एम. पी. द्विवेदींच्या कामातून रोगाच्या पायऱ्या ठरल्या: काठीशिवाय चालणारा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी बसून सरपटणारा. डाळ बंद केली तर रोग सहसा वाढत नाही, पण गेलेले पाय परतही येत नाहीत.

पाहणाऱ्याला हा पायांचाच रोग वाटणार. गावात कोणी त्याला वात म्हणे, कोणी लकवा, कोणी बाहेरची बाधा. यातला वात म्हणणारा अगदीच चुकीचा नव्हता, कारण सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्रिपुट या धान्याने वात कोपतो आणि खंजत्व (लंगडेपणा), पंगुत्व येते असे लिहिलेले आहे. त्रिपुट म्हणजेच लाखोळी. ग्रीकांच्या जुन्या वैद्यकग्रंथांतही सतत कडधान्य खाल्ल्याने पाय लुळे पडल्याची नोंद आहे. डाळ आणि पाय यांचे नाते जुन्यांना ठाऊक होते. मधली वाट मात्र कोणाला दिसत नव्हती.

मध्य भारतातली सर्वांत तपशीलवार जुनी नोंद सागर भागातली आहे. पुढे 1861 मध्ये नागपूर राजधानी करून मध्य प्रांत झाला, त्यात सागरही आले आणि भंडारा-चांदाही (चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर), त्यामुळे ती आपल्याला परकी नाही. इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन लिहितो की 1829 मध्ये गारपिटीने गहू झोपला, 1830 मध्ये पाऊस वेळेवर आला नाही, 1831 मध्ये तांबेरा पडला. या तिन्ही वर्षांत गव्हात आपोआप उगवणारी तिवरी, म्हणजे हीच लाखोळी, मात्र जोमाने आली. एरवी ती जनावरांना घालत. गहू हातचा गेला तेव्हा माणसे दाणे खाऊ लागली आणि जनावरांच्या वाट्याला देठ-पाला उरला. 1833 पासून तिशीच्या आतल्या मुलामुलींचे कमरेखालचे अंग जाऊ लागले. एका गावात तर दोन वर्षांत निम्मी तरुण मंडळी अपंग झाली.

या नोंदीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मधला काळ. डाळ ताटात आली 1831 मध्ये आणि पाय जायला लागले 1833 मध्ये. अधूनमधून वडे खाणाऱ्यांच्या वाट्याला हे आले नाही. दुसरे काही खायलाच नव्हते, त्यांचे पाय गेले. आजही वैद्यकाचे म्हणणे हेच आहे की रोजच्या अन्नाचा मोठा भाग, साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त, सलग दोन-तीन महिने लाखोळीतून आला तर धोका उभा राहतो.

लॅथिरिझम हे नाव इटलीतल्या नेपल्सचे डॉक्टर अर्नाल्डो कांतानी यांनी 1873 मध्ये दिले. त्याच दशकात युरोपात दुसरीकडे मेंदूचा नकाशा तयार होत होता. 1870 मध्ये जर्मनीत फ्रिच आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा हलका झटका दिला, तर विरुद्ध बाजूचा पाय हलला. 1874 मध्ये कीव्हच्या व्लादिमीर बेट्झ यांनी मेंदूच्या त्याच पट्ट्यात अवाढव्य पेशी पाहिल्या. रोगाचे नाव आणि मेंदूचा हा शोध असे शेजारी-शेजारी जन्मले, पण त्यांची नीट गाठ पडायला पुढे बराच काळ जावा लागला.

हालचालींचा हुकूम सोडणारा हा पट्टा, मोटर कॉर्टेक्स, मेंदूच्या माथ्यावर एका कानाच्या दिशेपासून दुसऱ्या कानाच्या दिशेपर्यंत आडवा पसरलेला असतो. चेहरा आणि हात यांची जागा बाहेरच्या अंगाला, तर पायांची जागा मेंदूच्या दोन अर्धगोलांमधल्या फटीत, आत दडलेली. बेट्झ यांच्या पेशी सर्वांत मोठ्या असतात त्या याच पायांच्या भागात. तिथून निघालेला एकेक तंतू खाली उतरतो, मेंदूच्या तळाशी बहुतेक तंतू बाजू बदलतात आणि मज्जारज्जूतून कमरेच्या जरा वरपर्यंत जातात. प्रौढ माणसात हा प्रवास दोन फुटांच्या आसपास भरतो. इतका लांब तंतू पोसणाऱ्या पेशीला ऊर्जा फार लागते, म्हणून संकटात तीच आधी बळी पडत असावी, असा तर्क आहे. हातांचे तंतू आखूड असतात, ते बहुतेक वाचतात.

पाय लुळे न पडता ताठ का होतात, याचेही उत्तर इथेच आहे. मज्जारज्जू स्वतःहून स्नायू आवळायला सदैव तयार असतो आणि मेंदूकडून येणारे तंतू त्याला वेसण घालतात. ते तंतू गेले की स्नायू आवळलेलेच राहतात. पोलिओत उलट घडते: मज्जारज्जूतल्या पेशी मरतात, पाय लोंबता पडतो आणि बारीक होतो. गावात दोघांनाही लंगडाच म्हणत, पण तपासणाऱ्याने गुडघ्यावर हातोडी मारली की फरक कळतो. लाखोळीवाल्याचा पाय जोरात उडतो, पोलिओवाल्याचा हलतही नाही.

डाळीतले नेमके विष 1964 मध्ये सापडले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी लाखोळीतून ओडॅप हे अमिनो आम्ल वेगळे काढले. मेंदूतल्या पेशी एकमेकींना चेतवतात त्या मुख्यतः ग्लुटामेट या द्रव्याने. ओडॅप त्याचे सोंग घेते, पेशीच्या त्याच कुलपात बसते, पण पेशीला उसंत देत नाही. सतत चेतवलेली पेशी अखेर थकून मरते. माकडांना दीर्घकाळ ओडॅप देऊन पाहिलेले प्रयोग 1986 मध्ये प्रसिद्ध झाले आणि मेंदूपासून पायापर्यंतच्या याच मार्गावर बोट ठेवले गेले.

माणसांवर असा प्रयोग कोणी करू नये, पण तो झाला. दुसऱ्या महायुद्धात रुमानियाच्या ताब्यातल्या वापन्यार्का छावणीत ज्यू कैद्यांना 1942 च्या शेवटी रोजचे जेवण म्हणून जनावरांची लाखोळी दिली जाई. काही आठवड्यांतच पाय ताठू लागले. कैद्यांपैकीच एक, डॉ. आर्थर केसलर यांनी रोग ओळखला.

आपल्याकडे 1961 मध्ये अन्नभेसळीच्या नियमांत लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. ती कोणत्या तारखेपासून लागू करायची, हे ठरवणे राज्यांवर सोडले होते. बंदी विक्रीवर होती, म्हणून पेरा चालूच राहिला आणि डाळ तुरीत, हरभऱ्यात, बेसनात मिसळून बाजारात फिरत राहिली. रीवा-सतना भागात तर शेतमजुराला मजुरीच लाखोळीत मिळे. ज्याला मजुरी म्हणून डाळ मिळते, त्याला दुकानावरची बंदी काय वाचवणार? मालकाने ज्वारी किंवा तांदूळ दिला असता तर हा रोग तिथे इतका माजलाच नसता, असे मला वाटते.

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षे लढले. थोड्या प्रमाणात, इतर अन्नासोबत खाल्ली तर ही डाळ घातक नाही, हा त्यांचा मुद्दा. महाराष्ट्राने पुढे बंदी उठवली. हा मुद्दा पोकळ नाही. इथिओपियात 1990 च्या दशकात साथ आली, तेव्हा धान्यासोबत मिसळून खाणारे तुलनेने वाचले, असे तिथल्या अभ्यासांत दिसले. ओडॅप पाण्यात विरघळते, त्यामुळे डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिले की त्याचा बराच भाग निघून जातो. पण दुष्काळात पाणी आणि सरपण दोन्ही जपून वापरायचे असते, आणि पाण्याचा ताण पडलेल्या झाडाच्या दाण्यात ओडॅप वाढते. ज्या वर्षी डाळ जास्त खावी लागते, त्याच वर्षी ती जास्त विषारी निघते.

त्यावर उपाय म्हणून कमी ओडॅपचे वाण आले: रतन, प्रतीक, महातिवडा. यांत ओडॅपचे प्रमाण 0.1 टक्क्याच्या खाली आहे. 2016 मध्ये देशपातळीवरची बंदी उठवण्याची चर्चा याच वाणांच्या जोरावर झाली. अडचण बियाण्याची आहे. उतेऱ्याचे बी शेतकरी बहुधा घरचेच ठेवतो, विकत घेत नाही. नवा वाण लावला तरी शेजारच्या बांधीतल्या देशी लाखोळीवरून मधमाश्या पराग आणतात आणि काही हंगामांत वाण मिसळतो. कमी विषाचा दाणा आणि जास्त विषाचा दाणा डोळ्यांनी ओळखता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.