पार्श्वभूमी : खाकी, पांढरा गणवेश आणि पाच सागरी मैल

आंग्रेकालीन आरमाराचा दाखला किनाऱ्यावरच्या प्रत्येक भाषणात येतो. किनाऱ्याच्या राखणीवरून पोलीस आणि नौदल-तटरक्षक दल यांच्यात आज चालणाऱ्या कुरबुरीशी त्याचा फारसा संबंध नाही. ही गोष्ट 1993 पासून सुरू होते.

त्या वर्षी श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं. माल पुढे सोडला म्हणून पुढे कस्टम अधिकारी आणि पोलीस, दोघेही दोषी ठरले. किनाऱ्यावरच्या खाकीबद्दलचा संशय तिथपासूनचा. लगोलग महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यांवर ‘ऑपरेशन स्वान’ ही संयुक्त गस्तीची मोहीम सुरू झाली. आतल्या पट्ट्यात भाड्याचे ट्रॉलर फिरत आणि त्यांवर नौसैनिक, पोलीस आणि कस्टमची माणसं एकत्र असत. पोलीस लागायचाच, कारण गुन्हा नोंदवणं, तपास करणं आणि आरोपी कोर्टात उभा करणं त्याच्याकडेच होतं. दुसरीकडे, समुद्र लागून आडवा झालेला शिपाई नौसैनिकांच्या थट्टेचा विषय होई.

2005 मध्ये केंद्राची किनारी सुरक्षा योजना मंजूर झाली: देशभरात 73 सागरी पोलीस ठाणी, 204 नौका, त्यांतल्या बहुतेक 12 आणि 5 टनी. प्रशिक्षणाचं काम तटरक्षक दलाकडे आलं. काही आठवड्यांच्या कोर्समध्ये पोहणं, होकायंत्र, रेडिओ, नौका लावणं हे उरकायचं आणि शिकलेल्या माणसाची पुढच्या बदलीत डोंगराळ तालुक्यात रवानगी. नौका पुरेशा संख्येने येण्याआधीच 26 नोव्हेंबर 2008 उजाडला.

त्यानंतर फेब्रुवारी 2009 मध्ये झालेला निर्णय हा सगळ्या वादाचं मूळ. किनाऱ्यासकट एकंदर सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे दिली गेली, प्रादेशिक समुद्र आणि राज्यांशी समन्वय तटरक्षक दलाकडे, आणि किनाऱ्यालगतचं उथळ पाणी सागरी पोलिसांकडे. कागदावर हे तीन स्तर स्वच्छ दिसतात. पण जबाबदारी ज्यांच्याकडे गेली, त्यांना ठाण्यातल्या साध्या हवालदारालाही हुकूम देता येत नाही. पोलीस हा राज्याचा विषय. समन्वय म्हणजे बैठक आणि पत्रव्यवहार. नौका बंद का, हे विचारता येतं. डिझेलचं बिल मात्र राज्याचं गृहखातंच मंजूर करणार.

त्यात मैलांचा घोळ. पोलिसांची गस्त पाच सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. पण प्रादेशिक समुद्र बारा मैलांचा आणि तिथवरच्या गुन्ह्याची नोंद पोलीस ठाण्यातच होते. आठव्या मैलावर संशयित नौका सापडली तर पकडणार तटरक्षक दल आणि तपास करणार ठाणं. ताबा देताना पकडल्याची वेळ, जीपीएसची जागा, माणसांची यादी, जप्त वस्तूंचे क्रमांक हे सगळं लागतं. वेळ आणि जागा यांचा मेळ बसला नाही की बचाव पक्षाचा वकील तिथेच बोट ठेवतो, आणि कोर्टात बोलणी बसतात ती तपास अधिकाऱ्याला. ‘आम्ही पकडतो, हे सोडतात’ या तटरक्षक दलाच्या टोमण्याचा बराचसा उगम या कागदांत आहे.

जुलै 2011 मध्ये ओमानकडे सोडून दिलेलं ‘पवित’ हे जहाज वाहत थेट जुहूला लागलं, तेव्हा तिन्ही स्तर झोपलेले होते. तरी चर्चा पोलिसांच्या बंद नौकांचीच जास्त झाली. ते अन्यायाचं होतं. एवढं जहाज बाहेरच्या स्तरांनाच आधी दिसायला हवं होतं. नौकांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. ओहोटीला जेट्टीशी चिखल उरतो, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीत गाळ आणि तुटकी जाळी ओढली जातात, इंजिन तापतं. देखभालीचा करार संपला की सुट्या भागासाठी महिनोन्‌महिने वाट. पावसाळ्यात तर या नौका बाहेर काढणंच धोक्याचं. हरिहरेश्वरला तीन एके-47 असलेली बेवारस नौका लागली तीही 18 ऑगस्ट 2022 ला, ऐन पावसाळ्यात.

‘सागर कवच’ या किनारी सुरक्षेच्या सरावात हिशेब फिटतात. रेड टीम, म्हणजे हल्लेखोरांची भूमिका करणारा गट, मच्छीमार नौकेतून किनारा गाठायला बघते. समुद्रात ती निसटली तरी जेट्टीवर, नाकाबंदीत सापडते, कारण अनोळखी नौका तांडेल, म्हणजे मच्छीमार नौकेचा म्होरक्या, आधी ओळखतो आणि तो फोन करतो ठाण्याला. नौदलाच्या रडारला ही सोय नाही, हे त्यांचे अधिकारीही मानतात.

मार्च 2024 मध्ये ‘रुएन’ जहाजावरचे 35 सोमाली चाचे नौदलाने मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले. भर समुद्रातली चाळीसएक तासांची कारवाई नौदलाची. खटला उभा करणं पोलिसांचं, 2022 च्या चाचेगिरीविरोधी कायद्याखाली. किनारी राज्यांच्या सागरी पोलिसांत नौदल आणि तटरक्षक दलातून निवृत्त झालेली माणसंही घेतली जातात. इंजिन अडलं की आधी त्यांनाच हाक जाते.